उजव्या खिशाचा कोट

माझी थोरली बहीण एकोणसत्तराव्या वर्षी इटालियन शिकायला लागली, तेव्हाच मी ओळखलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. लोक मला संशयी म्हणतात. ताई तर तोंडावर 'फौजदार' म्हणते. म्हणू देत. पण मला सांगा, जी बाई शेजारणीशी आपल्या भाषेतसुद्धा दोन वाक्यांच्या वर कधी बोलली नाही, तिला एकदम परक्या भाषेत गप्पा मारायची हौस कुठून सुटली?

"डोकं तल्लख राहतं म्हणे," ती म्हणाली.

"कोण म्हणे?"

"मासिकात आलं होतं."

आमच्याकडे मासिक येत नाही.

आम्ही दोघी दोन खोल्यांत राहतो. खाली रस्त्याला लागून बाबांचं शिंप्याचं दुकान होतं, आता तिथे कुलपं आणि किल्ल्या मिळतात. मी वर बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन टाकून बसते. काज-बटणं, उसवलेल्या शिवणी, पँटची लांबी कमी करणं, असली बारीकसारीक कामं. ताई आतल्या खोलीत ओट्याशेजारच्या टेबलावर फोन उभा करून मास्तरांपुढे बसायची. आठवडाभरात घरभर चिठ्ठ्या चिकटल्या. दारावर, आरशावर, डब्यांवर. माझ्या सुयांच्या डबीवर 'आगो', दोऱ्याच्या खोक्यावर 'फीलो'. माझ्या वस्तूंना माझ्या परवानगीशिवाय नावं!

ताई कोण आहे हे कळल्याशिवाय माझा संशय कळायचा नाही. बाबा गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती, मी चार. बाबा भर दुपारी घरासमोरचा रस्ता ओलांडताना गाडीखाली आले. सरळ रस्ता, रिकामा, एकच गाडी. "तंद्रीत होते," आई म्हणायची, आणि त्यावर दुसरा प्रश्न चालायचा नाही. पुढे आईने मशीन ओढलं. सोळाव्या वर्षी ताई गणवेशांच्या कारखान्यात लागली ती साठाव्या वर्षी बाहेर पडली. कापडाचे चाळीस थर एकावर एक, वरच्या थरावर खडूची रेघ, आणि त्या रेघेवरून मशीनची पाती. एवढ्या वर्षांत एक बाही वाकडी गेली नाही. कारखान्यात तिला 'कात्री' म्हणायचे. कामामुळे म्हणायचे की समोरच्याचं बोलणं मधेच तोडायची म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

तिने स्वतः लग्न केलं नाही, माझं लावून दिलं. दहा वर्षांत मी नवरा गमावून, मुलीचा हात धरून परत दारात उभी राहिले. ताईने काही विचारलं नाही. पोरीच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "तुम्ही दोघी आत झोपा. मला बाहेर बरं वाटतं." वीस वर्षं ती बाहेरच्या खोलीत मशीनच्या पायाशी झोपली. आता मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी आहे, तरी ताईची गादी बाहेरच असते. अशी बाई माझ्यापासून काही लपवते म्हटल्यावर मला अन्न गोड लागेल का?

या इटालियनच्या आधी एक गोष्ट घडली होती. माझे डोळे. सुईच्या नेढ्याकडे बघितलं की नेढंच नाहीसं व्हायचं. कडेकडेचं सगळं स्वच्छ दिसायचं, पण नेमकं जे बघायचं तेच पुसलेलं. ताईशी बोलतानासुद्धा मी तिच्या कानाकडे बघायला लागले, म्हणजे निदान तोंड तरी दिसायचं. "माझ्या कानात काय पुरून ठेवलंय ग?" ती म्हणायची. शेवटी तिनेच मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढून नेलं.

बाईंनी तपासलं. आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय म्हणाल्या.

"घरात कुणाला होतं का असं? आई, वडील, आजी? घराण्यातून आलेलं असलं तर कसं वाढत जाईल याचा अंदाज येतो. तुमच्या मुलीलाही आत्ताच तपासून ठेवता येईल."

मी छातीठोकपणे सांगितलं, "कुणालाही नाही. आई ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवायची. आणि बाबा तर कोटाचे शिंपी! त्यांच्या हातचा टाका बघायला लोक यायचे." ताई शेजारी बसून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. तिसऱ्या आठवड्यात तिचं इटालियन सुरू झालं, आणि मी, फौजदारीण, मला या दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत.

मी संशय घेतला तो मास्तरांवर. तीस वर्षं इटलीत काढून आलेले गृहस्थ, पांढऱ्या मिशा, गळ्यात रुमाल, मागे पुस्तकांचं कपाट. शिकवणी दहाची, आणि ताई नऊपासून केस विंचरायची.

"मास्तर विधुर आहेत का ग?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी त्यांच्याबरोबर क्रियापदं चालवते. संसार नाही."

"काही मागितलं का त्यांनी? सही, कागदपत्रं, ओटीपी?"

"मागितलं. गृहपाठ."

असं बोलून वाटेला लावते ती. मग मीही मशीन सरकवत सरकवत आतल्या दारापाशी नेलं. उजेड तिथे चांगला येतो म्हणाले. तिथे उजेड अजिबात येत नाही. मशीन बंद ठेवून मी ऐकायची. सुई आगो, दोरा फीलो, डोळा ओक्यो. शब्द डोक्यात आपोआप साठत गेले. मला अर्थ नको होता, पुरावा हवा होता.

पुरावा एका मंगळवारी मिळाला. ताई अडखळत काहीतरी विचारत होती, मग थकून आपल्या भाषेत आली, "म्हणजे मास्तर, तिकडे कोटाचा छातीवरचा खिसा उजवीकडे असतो का?"

"छे हो," मास्तर म्हणाले. "तिकडेही डावीकडेच."

कोट!

आईच्या कपाटात एक जाड कोट होता. खोळीत शिवून बंद केलेला, डांबरगोळ्या घालून. वर्षातून एकदा आई खोळ उसवायची, आमच्याकडे पाठ करून कोट खिडकीत धरायची आणि पुन्हा शिवून टाकायची. आम्हाला हात लावायची बंदी. आई गेल्यावर ताईने खोळ उघडली होती. आतल्या खिशात कापडाची पट्टी होती, म्हणाली, परक्या अक्षरांत शिंप्याच्या दुकानाचं नाव आणि गाव. मला तो कोट बघायचा नव्हता. ज्या वस्तूकडे बघून आईचा चेहरा तसा व्हायचा, ती वस्तू मला नकोच होती. कुणा गिऱ्हाइकाचा राहिलेला असेल म्हणून मी विषय मिटवला होता.

गुरुवारी ताई भाजीला गेली आणि मी तिची वही काढली. हो, काढली. भिंग लावून, एकेक अक्षर कडेने पकडत वाचलं. वर शाईने इटालियन आणि खाली पेन्सिलीने अर्थ, शाळकरी पोरीसारखा. कुणा अनोळखी घराला लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा होता. 'तुमच्या दुकानाची पट्टी असलेला कोट आमच्याकडे आहे. तो घालणारा माणूस आमच्या घरी अकरा महिने राहिला होता. तुमच्या घराण्यात कुणाला डोळ्यांचा आजार होता का, कृपया कळवा. तो आमच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीचा पिता असण्याची शक्यता आहे.'

ताई दारात आली तेव्हा मी वही घेऊन उभीच होते.

"ही कुटुंबातली व्यक्ती कोण ग?"

तिने पिशवी खाली ठेवली.

मग माझा तोल गेला. "या वयात बाप बदलायची हुक्की आली तुला? उंच आहेस, डोळे घारे आहेत, एवढ्या सुतावरून स्वर्ग गाठलास? आई जिवंत असती तर असं लिहायला हात धजावला असता? लाज नाही वाटली?"

"माझ्यासाठी नाही ग लिहिलं," ताई म्हणाली.

"मग कुणासाठी?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण ती बघत होती हे कळत होतं.

"तुझ्यासाठी."

मी खुर्चीवर बसले. ताईने मला पाणी दिलं आणि बासष्ट वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलली. तो माणूस बोटीवरचा इटालियन शिंपी होता. इथे उतरला, आजारी पडला, बोट निघून गेली. पुढच्या बोटीची सोय होईपर्यंत बाबांनी त्याला दुकानामागच्या खोलीत ठेवून घेतलं. दुकान आणि ती खोली यांच्यामध्ये पडदा होता.

"बाबा बाहेर गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि पडद्यामागे आई आणि तो. डोक्याला डोकं लावून. कुजबुजायचे, हसायचे. मी सात वर्षांची. एकदा पडदा सारून आत गेले तर आईने माझे खांदे धरले. म्हणाली, काका इथे बसतो हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही. शपथ घातली. मी नाही सांगितलं कुणाला. तो गेला आणि दोन महिन्यांनी तू झालीस."

"आणि तू ठरवून टाकलंस."

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घराण्यात कुणाला आहे का. तू म्हणालीस, कुणालाही नाही. मग आलं कुठून? तुझे डोळे किती टिकणार, पोरीचं काय, हे कळायला नको? आईला विचारता येत नाही. म्हटलं, त्यांना विचारू. दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचं तर आईची अब्रू त्याच्यासमोर उघडी करायची. म्हणून शिकले."

"टाकलंस पत्र?"

"पंधरा दिवस झाले."

म्हणजे या घरातली सगळ्यात संशयी बाई मी नव्हतेच! मी आयुष्यभर दूधवाल्यावर, शेजारणीवर, मास्तरांवर संशय घेत बसले, आणि ही मुकाट्याने आमच्या आईवर संशय घेऊन माझ्या दाराबाहेर झोपत होती. मला इतका राग आला की नऊ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती ताट वाढायची, मी जेवायची, बस्स.

राग एक वेळ परवडला, पण ती शंका परवडेना. मी भिंग घेऊन बाबांचा फोटो धुंडाळायला लागले. बाबांचा एकच फोटो आहे. मान जराशी वाकडी, नजर कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी. त्यांचं नाक बघायचं, मग आरशाशी जाऊन आपलं चाचपायचं. कानाच्या पाळ्या, नखं, अंगठा. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाला काम देताना एक वाक्य म्हणत आले, "शिंप्याची मुलगी आहे, टाका बघून घ्या." आता ते वाक्य तोंडातून फुटेना. एकीने विचारलंसुद्धा, बरं नाही का म्हणून. डोळे जातायत याचं मला तितकं भय वाटत नव्हतं. पण बाबा जातील की काय, या विचाराने हातातलं काम सुटायचं.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. सकाळचे अकरा वाजले होते. जाड पाकीट, आत हाताने लिहिलेली चार पानं. ताईने टेबल पुसलं, शब्दकोश घेतला, चष्मा लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "नको असेल तर नाही वाचत."

"वाच."

लिहिणारी त्या बोटीवरच्या शिंप्याची पुतणी होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ताई एकेक शब्द कोशात शोधत होती. मला धीर निघत नव्हता. मधेच मला 'ओक्यो'सारखं काही ऐकू आलं, मग 'आगो', मग 'फीलो', मग पुन्हा डोळे. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"डोळ्याचं काय लिहिलंय? कुणाच्या डोळ्याचं?"

ताई थांबली. वाक्य पुन्हा वाचलं. पुन्हा कोश उघडला. मग तिचा आवाज बदलला.

'काका ज्याच्या घरी राहिला त्या शिंप्याची गोष्ट आम्हाला नेहमी सांगायचा. त्याला हातातली सुई दिसत नसे. बाजूचं सगळं दिसे, मधलं दिसत नसे. त्याच्या आईलाही तसंच झालं होतं. गिऱ्हाइकांना कळलं असतं तर दुकान बसलं असतं. म्हणून तो बाहेर मापं घेई, गप्पा मारी, आणि पडद्यामागे त्याची बायको आणि काका शिवत असत. तिला कोटाचं बारीक काम येत नव्हतं. आपण गेल्यावर तिचं अडू नये म्हणून काकाने अकरा महिन्यांत तिला सगळं शिकवलं. ती चुकली की दोघं हसायचे, पण दबक्या आवाजात, कारण बाहेर गिऱ्हाईक असे.'

ताईने पान उलटलं.

'निघायच्या आधी शिंप्याने काकाचा विटलेला कोट मागून घेतला. हे काम मी एकटा करणार म्हणाला. त्याने सगळ्या शिवणी उसवल्या, कापड पलटून आतली बिनविटलेली बाजू बाहेर काढली आणि बोटांनी चाचपत पुन्हा शिवला. अर्थात डाव्या छातीवरचा खिसा उजवीकडे गेला. काका बोटीवर चढला तेव्हा तो शिंपी तोच कोट घालून पोचवायला आला होता. त्यानंतर त्याने काही शिवलं की नाही आम्हाला माहीत नाही. आमच्या घराण्यात म्हणाल तर नव्वदीपर्यंत सगळ्यांची नजर शाबूत राहिली आहे.'

ताईने चष्मा काढून ठेवला. चव्वेचाळीस वर्षं कापड कापलेल्या बाईला कोटाचा खिसा उजवीकडे का हे कळलं नव्हतं. कसं कळणार? कारखान्यात गणवेश नवेच निघायचे. जुना कोट पलटून नवा करायची विद्या बाबांच्या पिढीबरोबर गेली.

"रिकामा रस्ता होता," ती हळूच म्हणाली. "एकच गाडी. नेमकं तिच्याकडेच बघितलं असणार त्यांनी."

"तंद्रीत नव्हते ते," मी म्हणाले.

आईने आम्हालासुद्धा सांगितलं नाही, याचा मला आजही राग आहे. पण दोन मुली होत्या. डोळे जाणाऱ्या घरातली मुलगी कोण करून घेणार, असं तिच्या मनात आलं असेल. तेवढ्यासाठी तिने तोंडाला कुलूप लावलं आणि ते कुलूप ताईने चोरीचं समजलं.

आम्ही कोट काढला. खोळ मीच उसवली. डोळ्यांनी काही कळत नव्हतं म्हणून बोटं फिरवली. एका बाजूच्या कडेला कापड जरा जाड लागलं. जुनी काजं बुजवली होती, इतकी बेमालूम की बघणाऱ्याला दिसणार नाहीत. बाबा एकटा करणार म्हणाले तरी ते रफूचं काम आईचं होतं, शंभरातून ओळखीन मी, माझा हात त्याच हातावर घडलाय. पण लांब शिवणी तिच्या नव्हत्या. त्या जाड, सारख्या अंतराच्या, नखाने मोजून घातलेल्या. बाबांचा टाका मी पहिल्यांदा हाताला लावला. मी कोटात तोंड खुपसून रडले. डांबरगोळ्यांच्या वासाने शिंकाही आल्या.

ताई रडत नव्हती. ताठ बसली होती.

"बाबा माझ्याशी बोलताना कधी माझ्या तोंडाकडे बघायचे नाहीत," ती म्हणाली. "कानाकडे बघायचे. मला वाटायचं, मी पडद्यामागचं लपवते आहे हे त्यांना कळलंय. म्हणून त्यांना माझं तोंड बघवत नाही. ते गेले तेव्हासुद्धा मला तेच वाटत होतं."

अकरा वर्षांची पोर. मी तिच्या कानाकडे बघितलं, म्हणजे तिचा चेहरा दिसेल. एकोणसत्तर वर्षांचा तो चेहरा आता रडायला लागला होता.

"वेडे," मी म्हणाले, "तुझं तोंड दिसावं म्हणून बघत होते ते कानाकडे."

"आईची माफी कशी मागू ग मी?"

मी तिला कोट घातला. खांद्यात बरोबर बसला, उंच आहे ना ती, बाबांसारखीच. मी बोट ठेवलं तिच्या उंचीवर आणि तिचा संशय होता माझ्यावर, सगळाच गोंधळ.

पुढच्या सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी खुर्चीत बसायच्या आत सांगून टाकलं, "लिहून घ्या. आहे घराण्यात. माझ्या बाबांना होतं, आणि त्यांच्या आईला." बाईंनी लिहून घेतलं, मुलीला तपासायला घेऊन या म्हणाल्या, आणि वाईट वाटल्यासारखं तोंड केलं असावं. मी मात्र हसत होते. मला खरंच आनंद झाला होता. डोळे जाणार हे नक्की कळून इतकी खूष झालेली पेशंट बाईंनी पाहिली नसेल.

रस्त्यावर आल्यावर ताईने माझा दंड धरला. आता ती रस्ता ओलांडताना मला सोडत नाही.

"ताई," मी विचारलं, "खरं सांग, मी दिसते का ग बाबांसारखी?"

तिने दोन्ही बाजूंनी गाड्या बघितल्या, मग माझ्याकडे.

"दिसत नाहीस," ती म्हणाली. "पण बघतेस अगदी तशीच. चल, रस्ता मोकळा आहे."